हिरव्या स्वेटरमधली आई

आमच्या रस्त्यावर दोन दुकानं एकमेकांना खेटून आहेत. एक माझं, चष्म्याचं, वडिलांकडून आलेलं. दुसरं दातवाल्या काकांचं. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचं घासायचं यंत्र सुरू झालं की माझ्या मांडणीवरचे चष्मे थरथरतात. त्यांच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं आधी माझ्याकडे शिरतात, कारण चष्म्याशिवाय त्यांना पाटी वाचता येत नाही. मी त्यांना हाताला धरून शेजारी नेऊन सोडते.

काका डॉक्टर नाहीत. हे ते स्वतःच येणाऱ्याला पहिल्या वाक्यात सांगून टाकतात, म्हणजे पुढचा घोळ वाचतो. समोरच्या इमारतीत दंतवैद्यबाई बसतात. तोंडात हात घालायचा, मापं घ्यायची, ती कामं त्यांची. मापं कागदात गुंडाळून रस्ता ओलांडून इकडे येतात. मग काका त्यावरून प्लास्टरचा साचा घेतात, मेणाच्या हिरड्या वळतात आणि त्यात एकेक दात बसवतात. वय त्रेसष्ट, पाठीला थोडा बाक, पण हाताला कंप नाही. मेण वितळवताना थर्मामीटर घेऊन बसतात आणि पारा एका अंशानेही इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात आणि घर दुकानाइतकंच नेटकं ठेवतात.

झाडांची पानं गळायला लागली की आमच्याकडे आठवडाभर सुट्टी असते. शाळा बंद, कचेऱ्या बंद, बाहेरगावी गेलेली पोरंबाळं घरी येतात. त्या सुट्टीच्या आदल्या रविवारी काका दूधगोळी करतात. दूधगोळी हे त्यांच्या घरातलं नाव. दूध, साखर, लोणी आणि चिमूटभर मीठ आटवून तपकिरी झालं की ताटात ओतायचं, कोमट असतानाच सुरीने तुकडे पाडायचे आणि बटर पेपरात गुंडाळून दोन्ही टोकांना पीळ द्यायचा. गुंडाळायला मी जाते. आधी काकूंबरोबर जायचे, आता एकटी जाते. सोमवारी काका पत्र्याचा डबा घेऊन रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात फिरतात. समोरचा केशकर्तनवाला दर वर्षी न चुकता म्हणतो, "दातवाल्यानेच चिकट खाऊ वाटायचा म्हणजे धंद्याची सोय बघून ठेवलीय." काका दर वर्षी न चुकता हसतात.

आणि दर वर्षी तीच गोष्ट सांगतात. ती आता सगळ्या रस्त्याला पाठ आहे.

त्यांची आई मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे पडदे, उकळत्या पाण्याचे हौद. सुट्टीत हॉटेलं भरलेली, म्हणून चादरी जास्त, म्हणून आईला सुट्टी नाही. पण कामावर जायच्या आधी ती मुलांसाठी दूधगोळी करून जायची. काका तेव्हा पाच-सहा वर्षांचे. चूल पेटवायला लागतात म्हणून मुलं खाली अंगणात सुकी पानं पोत्यात भरत असायची. काकांनी मान वर करून पाहिलं की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आईची पाठ दिसायची. हिरवा स्वेटर, कोपरावर ठिगळ. हात गोल गोल फिरत असायचा. मग पोतं ओढत जिना चढून वर जावं तर आई निघून गेलेली, आणि ताटात गोळ्या निवत असायच्या.

"मी रडेन म्हणून न सांगता जायची," काका म्हणायचे. ते नऊ वर्षांचे असताना आई वारली. तिचा एक फोटोही घरात नव्हता. ती पाठ तेवढी होती.

गोष्ट संपली की ते स्वतः केलेली गोळी तोंडात टाकायचे, थोडा वेळ डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "जवळ आलीय. पण ती नाही."

काकूंनी त्यांना वेगवेगळं दूध वापरून पाहायला लावलं होतं. मीठ कमी केलं, लोणी वाढवलं, मेणाचा थर्मामीटर धुऊन पातेल्याला लावला. गोळी चांगलीच व्हायची. आम्ही बोटं चाटायचो. काकांचं मात्र समाधान व्हायचं नाही.

गेल्या वर्षी सुट्टीच्या तीन आठवडे आधी काकांची ताई आली. सत्तरीची, उंच, ताठ चालीची. टपालखात्यात पस्तीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झालेली. तिचे उरलेसुरले चार दात तिच्या गावच्या डॉक्टरने काढले होते, आणि कवळी करायची तर भावाकडूनच, असं तिने ठरवलं होतं. आई गेल्यावर ताईनेच दोन्ही भावांना वाढवलं. सोळाव्या वर्षी नोकरी धरली, मधल्या भावाला शिकवलं, धाकट्याला, म्हणजे काकांना, कवळीच्या कारागिराच्या हाताखाली घातलं आणि मग कुठे स्वतःचा संसार मांडला. हे सगळं काका कौतुकाने सांगायचे. ताईचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

ती माझ्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा तोंडावर रुमाल धरून बोलत होती. मी खुर्ची पुढे केली.

"चष्मा ठीक आहे माझा," ती म्हणाली. "वर बसून कंटाळा येतो. हा दिवसभर माझ्या तोंडाचा साचा पुढ्यात घेऊन बसलेला असतो. बघवत नाही मला."

आमचं जमलं. दुपारी ती माझ्याकडे बसायची आणि टपालातले किस्से सांगायची. दात नसल्याने निम्मे शब्द हवेतच विरायचे, ते मी अंदाजाने जोडून घ्यायचे.

मग तो रविवार आला. सकाळी दहाला मी वर गेले तेव्हा काकांनी सगळी मांडामांड करून ठेवली होती. जाड बुडाचं पातेलं, तीन लिटर दूध, मापून ठेवलेली साखर, लोणी फासलेली दोन ताटं, चौकोनी कापलेले कागद. ताई खिडकीपाशी खुर्ची टाकून बसली होती, खांद्यावर तपकिरी शाल. बऱ्याच वर्षांनी ती या रविवारी इथे होती. काका लहान मुलासारखे खुशीत होते.

"आई असंच करायची ना गं?" दूध ढवळत ते म्हणाले.

"हं," ताई म्हणाली.

"आधी दूध निम्मं आटवायची, मग साखर. हो ना?"

ताईने खिडकीबाहेर पाहिलं. "तू कर तुझ्या पद्धतीने."

तासभर झाला. दूध पिवळसर होत आलं होतं, एवढ्यात खालून हाका आल्या. एक आजोबा तुटलेली कवळी हातात घेऊन आले होते. संध्याकाळी नातीचं लग्न, आणि कवळी बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झालेले. काकांनी उलथनं माझ्या हातात दिलं. "ढवळत राहा. थांबायचं नाही," असं बजावून ते खाली गेले.

मी ढवळत होते, पण नीट नसेन ढवळत. ताईने बसल्या जागेवरून मान वळवली.

"खाली लागलं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"आवाज बदलला. ऐक ना. मगाशी हलकं उकळत होतं, आता जड झालंय."

ती उठून आली, गॅस बंद केला, वाकून वास घेतला. "गेलं हे." मी ओशाळले. घाबरून विचारलं, खाली जाऊन काकांना सांगू का. ती म्हणाली, "त्याला काय माहीत आहे?"

म्हणाली आणि क्षणभर थांबली, जणू नको ते तोंडातून निसटलं. मग तिने शाल काढून खुर्चीवर टाकली, दुसरं पातेलं घेतलं आणि कोरडंच गॅसवर ठेवलं. डब्यातली साखर अंदाजाने त्यात ओतली. दूध नाही, पाणी नाही, नुसती साखर. मी बघत राहिले. कडेने साखर वितळायला लागली, पिवळी झाली, मग विटकरी. धूर निघतोय की काय असं वाटेपर्यंत ती थांबली. दुसऱ्या शेगडीवर तिने मला ताजं दूध तापवायला सांगितलं होतं. ते तिने हात लांब धरून बारीक धारेने साखरेवर सोडलं. पातेलं फुत्कारलं, वाफेचा लोट उठला. ती सवयीने मागे सरकली आणि परत पुढे झाली. दूध आटत आल्यावर लोणी घातलं, मीठ घातलं. थर्मामीटर बाजूला पडून होता. तिने तो पाहिलाही नाही. मध्येच डोळे मिटून ती नुसतं ऐकायची.

काका वर आले तेव्हा ती ताटात ओतायच्या बेतात होती. ते दारातच थांबले. त्यांच्याकडे तिची पाठ होती. खिडकीतून उजेड येत होता आणि तिचा हात गोल गोल फिरत होता. काका पुढे आले. त्यांनी उलथन्याला लागलेलं बोटावर घेतलं, फुंकर मारली आणि तोंडात घातलं.

मी वीस वर्षं त्यांना गोळी चाखताना बघत आलेय. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"तुला येत होती," ते म्हणाले. "आईनं तुला शिकवली होती, आणि मी इतकी वर्षं धडपडतोय, तू एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

ताईने आधी ताटात मिश्रण ओतलं. पातेलं निपटून काढलं. मग म्हणाली, "आईनं नाही शिकवली."

"मग कोणी?"

"कोणी नाही."

ताई खुर्चीवर बसली, शाल मांडीवर घेतली. रुमाल धरायचं ती विसरून गेली होती.

"आई पहाटे पाचला जायची रे," ती म्हणाली. "पाचला. तुम्ही उठायच्या कितीतरी आधी. तिला कुठला वेळ होता? आणि सुट्टीत तुम्ही दिवसभर घरात. तू तर दारात बसून आईचा जप करायचास. मी बारा वर्षांची. तुम्हाला काहीतरी द्यावं म्हणून दूध नि साखर चुलीवर ठेवायला गेले. साखर आधी घातली आणि ती जळली. दुसरी नव्हतीच घरात. टाकून दिली असती तर आईनं सोलून काढलं असतं. म्हणून वरून दूध ओतलं. हा डाग त्याचाच."

तिने उजवं मनगट पुढे केलं. तिथे चिंचोक्याएवढी जुनी खूण होती.

"तू म्हणाली होतीस इस्त्रीचा चटका बसला," काका म्हणाले.

"म्हणाले होते."

"आणि स्वेटर?"

"आईचाच. पहिल्या वर्षी ती घरी विसरली होती, मग मी घालायचे. खिडकीची काच फुटलेली होती, गार वारा यायचा. मी तेव्हाही उंचच होते. तू पोतं घेऊन वर आलास आणि म्हणालास, आई होती ना आता, कुठे गेली. तुझं तोंड इतकं फुललं होतं की मी म्हटलं, हो, आत्ताच गेली. गोळ्या करून गेली. त्या दिवशी तू रडला नाहीस. मग पुढच्या वर्षीही तेच म्हटलं. तीन की चार वर्षं झालं असेल सगळं मिळून. मग आई आजारी पडली आणि ते राहिलं."

"दर वर्षी करायची ती," काका म्हणाले.

"चार वर्षं. जास्तीत जास्त."

मी कागद हातात घेऊन उभी होते. जावं की थांबावं कळत नव्हतं.

"मग मी मोठा झाल्यावर सांगायचंस," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कोरडा पडला होता. "माझ्या लग्नात मी ही गोष्ट सांगितली. सगळ्यांसमोर. तू पहिल्या रांगेत बसली होतीस."

"होते. सांगताना तुझा चेहरा बघितला होतास का कधी? काय सांगणार होते मी? तुझ्याकडे तिचं दुसरं होतं काय?" ताई म्हणाली. "आज तू समोर उभं राहून विचारलंस. आता खोटं बोलायला तोंडात दातही नाहीत माझ्या."

काका हसले नाहीत. त्यांनी फोन काढला आणि मधल्या भावाला लावला. हे मधले बंदराच्या गावी असतात, ऐकायला कमी येतं म्हणून फोनवर ओरडून बोलतात. त्यामुळे मलाही स्पष्ट ऐकू आलं.

"आपल्या लहानपणी दूधगोळी कोण करायचं?" काकांनी विचारलं.

"ताई. आणि कोण?"

"तुला कसं माहीत?"

"एका वर्षी मला ताप आला होता, मी घरातच होतो. समोरच तर करत होती. का रे?"

"मी आयुष्यभर आईची म्हणून सांगत आलो."

"मला वाटायचं लाडाने म्हणतोस. ताईला आईच मानतोस म्हणून," मधले ओरडले. "तिथे आली आहे ना ती? दात झाले का तिचे?"

काकांनी फोन ठेवला आणि खाली दुकानात निघून गेले. रविवार असूनही यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही दोघींनी तुकडे पाडले आणि गुंडाळायला बसलो. माझा एक होईतो ताईचे चार व्हायचे. पस्तीस वर्षं पत्रं वेगळी केलेले हात ते. सगळं संपल्यावर ती म्हणाली, "बोलायला नको होतं." मी गोळ्या डब्यात भरत राहिले.

त्या सोमवारी डबा फिरला नाही. केशकर्तनवाला दोनदा दारात येऊन गेला, काकांना बरं नाही का म्हणून. मी म्हटलं, काम आहे त्यांना. खोटं नव्हतं ते. दोन दिवस भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज येत राहिला. बहीणभावाचं बोलणं 'जेवण झालं का', 'खाली येतेस का' एवढ्यापुरतं उरलं होतं. मंगळवारी संध्याकाळी मी डोकावले तेव्हा काका भिंगाखाली मेणाची हिरडी धरून बसले होते.

"तुला सांगू," ते मान वर न करता म्हणाले. "ताईवर राग नाही माझा. तिनं केलं ते कोणी करत नाही. पण आईचा चेहरा मला आठवत नाही गं. ती पाठ होती. आता ती पाठही ताईची निघाली. मग आईचं माझ्याकडे राहिलं काय?"

मी दुकान बंद करून घरी गेले.

बुधवारी मेणाच्या कवळीची चाचणी होती. पक्की कवळी करण्याआधी मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघतात, उंची बरोबर आहे का, ओठ वर उचलला जातोय का, बोलताना शिट्टी वाजते का. घरचंच माणूस म्हणून दंतवैद्यबाई स्वतः रस्ता ओलांडून आल्या, बसवून पाहिलं, मान डोलावली आणि दुसरा पेशंट खोळंबला म्हणून परत गेल्या. काकांचा हातात धरायचा आरसा तडकला होता, म्हणून त्यांनी माझा मागवला. मी तो धरून उभी होते.

ताईने आरशात पाहिलं. तिचे गाल भरून आले होते, ती दहा वर्षांनी लहान दिसत होती. पण तिने त्यावर काही म्हटलं नाही.

"आता बोलून बघ," काका म्हणाले. धंद्याचा आवाज होता तो, सगळ्यांशी बोलतात तसा. "'स' आणि 'श' असलेलं काहीतरी बोल. हळू बोल, मेण आहे."

ताईने आरशातून नजर काढून काकांकडे पाहिलं. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सबंध महिना सकाळ-संध्याकाळ आई साखरेशिवाय चहा प्यायची."

काकांनी मान तिरकी करून ऐकलं. "'स' साफ येतोय. 'श' जरा..." आणि थांबले. "काय म्हणालीस?"

"पहिल्या वर्षी मी घरातली सगळी साखर संपवली. आई संध्याकाळी आली. आता मार बसणार म्हणून मी कोपऱ्यात उभी. तू धावत जाऊन तिच्या तोंडात गोळी घातलीस. म्हणालास, आई, तू केलेली गोळी. तिनं माझ्याकडे पाहिलं. हातांची बोटं फुगलेली असायची तिची, पाण्यात राहून. तुला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, कशी झालीय? जास्त गोड नाही ना झाली?"

काकांनी मेण कोरायची सळई हातात घेतली.

"तिला माहीत होतं," काका म्हणाले.

"तिला सगळं माहीत होतं. पुढच्या वर्षी महिनाभर आधीपासून तिनं स्वतःच्या चहात साखर घालायची बंद केली. चिमूट चिमूट डब्यात टाकायची. मला कधी म्हणाली नाही कशासाठी. सुट्टीच्या दिवशी मी उठले तर डबा ओट्यावर काढून ठेवलेला, शेजारी लोण्याचा गोळा, आणि स्वेटर खुंटीवर. मी संध्याकाळी विचारलं, स्वेटर का नाही नेलास. तर म्हणाली, लाँड्रीत उकडतं, तिथे स्वेटर कशाला. पण जायची वाट तर थंडच होती ना रे. अर्धा तास चालत जायची ती."

काका स्टुलावर बसले.

"मी दोन दिवस विचार करतेय सांगू की नको," ताई म्हणाली. "तुला वाटेल, हीसुद्धा मी तुला गप्प करायला रचलेली गोष्ट. माझ्यावर विश्वास ठेवायचं तुला आता कारण नाही. पण हे खरं आहे."

काकांनी हातातली सळई पुसून ठेवली. मग म्हणाले, "मला तिची मांडी आठवते. ओलसर असायची. साबणाचा वास यायचा. मला वाटायचं स्वप्नातलं असेल."

"साबणाचाच वास. पदर कायम ओला," ताई म्हणाली.

मी आरसा टेबलावर ठेवला आणि हळूच बाहेर आले. त्या संध्याकाळी यंत्राचा आवाज आला नाही. भिंतीपलीकडून नुसतं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. मध्ये एकदा दोघंही मोठ्याने हसले.

गुरुवारी डबा निघाला, तीन दिवस उशिरा. काकांनी ताईलाही बरोबर घेतलं. ती नको नको म्हणत होती; दातांची चाचणी झाली तरी पक्की कवळी व्हायची होती, त्यामुळे रुमाल परत तोंडावर आला होता. मी दुकानाच्या दारातून बघत होते. केशकर्तनवाल्याने गोळी उचलली आणि म्हणाला, "आली का आईची गोळी." काका म्हणाले, "थांब जरा. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो." आणि आत एक माणूस अर्धी दाढी झालेला, गालावर फेस तसाच, त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ताईने बारा वर्षांची असताना जाळलेली साखर, खिडकीची काच, स्वेटर, आईचा बिनसाखरेचा चहा. गोष्ट त्यांना अजून नीट सांगता येत नव्हती. मध्येच अडखळायचे, मागचं पुढे करायचे. ताई बाजूला उभी राहून म्हणत होती, "पुरे आता, त्या माणसाचा साबण वाळतोय."

केशकर्तनवाल्याने गोळी तोंडात टाकली. त्याचा नेहमीचा विनोद बहुतेक ओठांवर आला होता, पण त्याने तो केला नाही. म्हणाला, "ताई, एक घरी नेऊ का? आमच्याकडे आईला आवडेल." ताईने मूठ भरून दिल्या.

सात दुकानं झाली. सात वेळा त्यांनी ती गोष्ट सांगितली. शेवटच्या दुकानापर्यंत ती बरीच सरळ झाली होती.

पक्की कवळी पुढच्या आठवड्यात झाली. नव्या कवळीने सुरुवातीला हिरडी दुखतेच. ताईची उजवीकडे खालची दुखली, काकांनी केसभर घासून दिली, मग डावीकडची दुखली, तीही घासली. अशात आणखी पंधरा दिवस गेले. ती जाईपर्यंत झाडं पार उघडी झाली होती. स्टँडवर आम्ही दोघं सोडायला गेलो. ताईने काकांना सांगितलं, जेवण एकट्याने उभ्या उभ्या उरकत जाऊ नकोस. मला सांगितलं, याच्यावर लक्ष ठेव. आणि गाडीत बसल्यावर खिडकीतून वाकून म्हणाली, "पुढच्या वर्षी तू ये. माझ्याकडे शेगडी मोठी आहे."

या वर्षी काकांनी सुट्टीच्या आठ दिवस आधी दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. त्यांच्या आठवणीत दुकान इतके दिवस कधी बंद राहिलं नव्हतं. परत आले ते सुट्टी संपल्यावर, हातात पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. त्यांनी माझ्या टेबलावर एक पुडकं ठेवलं.

"ताईने केली?" मी विचारलं.

"मी केली. ती खुर्चीवर बसून सांगत होती. साखर दोनदा जाळली मी. पहिल्यांदा जास्तच." त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं दाखवली. टोकं लाल होती. "दूध ओतताना हात मागे घ्यायचा असतो. ते तिने सांगितलं, पण नंतर."

मी एक कागद सोडला. गोळी किंचित काळपट होती, कडा वाकड्या. चव मात्र खोल, जळक्या गोडाची, जिभेवर रेंगाळणारी.

"ताई काय म्हणाली?"

"म्हणाली, दूध थोडं आधी ओतायला हवं होतं." काका माझ्या खुर्चीवर बसले, पाय लांब केले. "मग दोन खाल्ल्या तिनं. चावून."